कोणत्या दारातून आत आलात? नील यंगचा 'हार्वेस्ट' आणि त्याचे श्रोते

१८ मार्च १९७२च्या आठवड्यात कॅनडाचा गायक-गीतकार नील यंग अमेरिकेत दोन्हीकडे पहिला होता. 'बिलबोर्ड' या संगीत साप्ताहिकाच्या अल्बमच्या यादीत त्याचा 'हार्वेस्ट' आणि गाण्यांच्या यादीत 'हार्ट ऑफ गोल्ड'. पुढच्याच आठवड्यात दोन्ही जागा गेल्या, आणि त्या घेतल्या एकाच बँडने. बँडचं नाव 'अमेरिका', गाणं 'अ हॉर्स विथ नो नेम'. रेडिओवर ते लागलं की कित्येकांना वाटायचं, हे यंगचंच नवं गाणं. तसाच उंच, थोडा नाकातला, कापरा आवाज. तशीच मोजक्या कॉर्डवर रेंगाळणारी अकूस्टिक गिटार.

याच सुमारास प्रसिद्ध गायक-गीतकार बॉब डिलन अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्समध्ये राहत होता. त्याने १९८५च्या एका मुलाखतीत सांगितलं की त्या दिवसांत 'हार्ट ऑफ गोल्ड' रेडिओवर लागलं की त्याला त्रास व्हायचा. हे तर मीच गातोय, मग माझंच गाणं का नाही, असं त्याला वाटायचं. आणि ३० मार्चच्या 'रोलिंग स्टोन' या संगीत नियतकालिकात जॉन मेंडेलसन या समीक्षकाने लिहिलं की अल्बममधलं जवळजवळ प्रत्येक गाणं यंगच्याच एखाद्या जुन्या गाण्यासारखं आहे. आधीच्या 'आफ्टर द गोल्ड रश' या अल्बमला स्टील गिटार जोडली आणि शब्द बदलले, असा त्याचा सूर.

म्हणजे एकाच गाण्यात डिलनला डिलन ऐकू आला, समीक्षकाला जुना यंग ऐकू आला, आणि रेडिओवरच्या श्रोत्याला पुढच्याच आठवड्यात यंगच्या जागी दुसराच कोणी ऐकू आला तरी फरक कळेना. रेकॉर्ड मात्र तीच. हे प्रकरण मांडायला मी बसले ते यासाठीच. 'हार्वेस्ट'बद्दलची मतं पन्नास वर्षं दुभंगलेली आहेत, आणि मला वाटतं की ती गाण्यांच्या बरेवाईटपणावरून दुभंगलेली नाहीत. श्रोता कोणत्या दारातून या अल्बमात शिरला, त्यावरून ती ठरली.

तीन दारं

१९७२ साली यंग २६ वर्षांचा होता, आणि तोवर त्याचे निदान तीन वेगळे श्रोते तयार झाले होते. पहिले, क्रेझी हॉर्स या बँडबरोबरचा १९६९चा अल्बम ऐकलेले. त्यांचा यंग म्हणजे दहा-दहा मिनिटं खरखरत, अडखळत, एकाच स्वराला ठोसे देत वाजणारी इलेक्ट्रिक गिटार. दुसरे, क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश या तीन गायकांच्या गटाबरोबर त्याला ऐकलेले. त्यांना तो चौघांतला तिरपा, रागीट माणूस म्हणून माहीत होता. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात केंट स्टेट विद्यापीठात ४ मे १९७० रोजी नॅशनल गार्डने चार विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या, त्यानंतर काही आठवड्यांतच त्यावरचं 'ओहायो' हे गाणं रेडिओवर आणणारा माणूस तो. तिसरे संख्येने सगळ्यांत मोठे, ज्यांनी यंगचं नाव पहिल्यांदा 'हार्ट ऑफ गोल्ड'मुळेच ऐकलं.

तिसऱ्यांसाठी हा अल्बम म्हणजे घर. पहिल्यांसाठी तडजोड. १९७२ या वर्षात अमेरिकेत सगळ्यांत जास्त खपलेला अल्बम हाच, आणि पहिल्या गटाच्या मते नेमकं तेच त्याच्या विरोधात जात होतं.

मी स्वतः या अल्बमकडे उलट्या बाजूने आले. आधी 'टुनाइट्स द नाइट' हाती लागला, १९७५चा, जवळच्यांच्या मृत्यूंनंतर रात्री-रात्री बसून वाजवलेला, सूर सुटले तरी तसेच ठेवलेला. त्यानंतर 'हार्वेस्ट' लावला तर तो मला गुळगुळीत वाटला. छान पॉलिश केलेल्या लाकडासारखा. ते मत मी दहा-बारा वर्षं जपून ठेवलं आणि कोणी विचारलं की ऐकवायचे.

ते हललं बाबांमुळे. बाबांचा कान नाट्यसंगीताचा. इंग्रजी गाण्यांशी त्यांचा संबंध नाही. एका रविवारी मी काहीतरी आवरताना हा अल्बम लागला होता. पहिलं गाणं, 'आउट ऑन द वीकेंड'. ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "ही तर आपली हवाईयन गिटार की गं." मग थोडा वेळ ऐकून, "आणि हा तबलजी बघ. सगळं येत असून हात राखून वाजवतोय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पेडल स्टील हे वाद्य हवाईयन गिटारच्याच घराण्यातलं. आपल्याकडे जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या धुना ज्या गिटारवर घरोघरी वाजल्या, तिची ही नॅशव्हिलला, अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या शहरात, वाढलेली बहीण. इथे ती बेन कीथने वाजवली आहे. आणि ड्रमवर आहे केनी बट्री, नॅशव्हिलचा मुरलेला वादक, डिलनबरोबर वाजवलेला. बट्रीने नंतर सांगितलं होतं की उजवा हात नको, झांजा नकोत, असं यंगने त्याला बजावलं होतं. ड्रमचं जे काही ऐकू येतं ते त्याच्या नव्हे, यंगच्या मनातलं. ज्याच्या हाताला आपोआप सगळं भरायची सवय, त्याला प्रत्येक ठोक्याआधी विचार करावा लागत होता.

हे कळल्यावर मी ते गाणं पुन्हा लावलं. बास आणि बासड्रम एकत्र पडतात, मग जागा. पुन्हा पडतात, पुन्हा जागा. एरवी त्या जागेत हायहॅट, म्हणजे ड्रमसोबतची झांजांची जोडी, टिकटिकत असते आणि कान तिच्यावर बसून पुढे सरकतो. इथे बसायला काही नाही. मागून कीथची स्टील येते, तीही एक लांब स्वर ओढते आणि थांबते. ज्याला मी पॉलिश म्हणत होते तो खरं तर रिकामेपणा होता. ठेका धरून ठेवला आहे, लग्गी कुठेच नाही. आपल्या गाण्यात ज्याला ठेहराव म्हणतात तो हा. माझ्या कानाला ऐकायची सवय होती गोंगाटातल्या वेदनेची. शांततेतली वेदना मी सरळ ओलांडून गेले होते.

एक अल्बम, चार जागा

आता दुसरी बाजू. 'हार्वेस्ट' एकसंध नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो कसा तयार झाला ते पाहिलं की मतं इतकी का फाटतात तेही समजतं.

फेब्रुवारी १९७१मध्ये यंग कंट्री गायक जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमासाठी नॅशव्हिलला आला होता. लिंडा रॉनस्टाट आणि जेम्स टेलर हे गायकही त्याच कार्यक्रमात होते. तिथे एलियट मेझर या निर्मात्याशी गाठ पडली. त्याचा क्वाड्राफोनिक साउंड हा स्टुडिओ शहरातच होता. शनिवार-रविवारची वेळ, शहरातले बरेच वादक बाहेर गेलेले. जे सापडले ते आले: बट्री, बासवर टिम ड्रमंड आणि उशिरा पोचलेला कीथ. रॉनस्टाट आणि टेलर यांनी 'हार्ट ऑफ गोल्ड' आणि 'ओल्ड मॅन'ला साथीचे आवाज दिले. टेलरने 'ओल्ड मॅन'मध्ये बँजोही वाजवला. जमलेल्या या चमूला पुढे 'स्ट्रे गेटर्स' हे नाव पडलं.

त्या काळात यंगची पाठ दुखावलेली होती. कंबरेला पट्टा, उभं राहून जड इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घालणं अवघड. म्हणून तो बसून अकूस्टिक वाजवत होता. त्याने बाजाराकडे पाहून मवाळपणा पत्करला असं म्हणणाऱ्यांनी ही साधी शारीरिक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. मला तर वाटतं, अल्बममधल्या त्या बसक्या, सावध चालीत ती पाठ ऐकू येते.

ही झाली पहिली जागा. दुसरी लंडनची: बार्किंगच्या सभागृहात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासह दोन गाणी, वाद्यवृंदाची रचना जॅक नित्शेची. तिसरी कॅलिफोर्नियातल्या त्याच्या स्वतःच्या ब्रोकन अ‍ॅरो रँचवरचं धान्याचं कोठार, जिथे त्याने इलेक्ट्रिक गाणी वाजवली. चौथी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातलं रॉइस हॉल. तिथे ३० जानेवारी १९७१च्या कार्यक्रमात एकट्याने गायलेलं 'द नीडल अँड द डॅमेज डन' जसंच्या तसं अल्बममध्ये घेतलं.

कोठाराबद्दल ग्रॅहम नॅशने सांगितलेली एक हकीकत आहे. यंगने त्याला रँचवरच्या तळ्यात नावेतून नेलं आणि अल्बम लावला. घर म्हणजे डावा स्पीकर, कोठार म्हणजे उजवा. अख्खी दरी वाजत होती. मेझर काठावर येऊन ओरडून विचारता झाला की आवाज कसा वाटतोय, तर यंगने नावेतून उत्तर दिलं: कोठार वाढव! ही गोष्ट श्रोते प्रेमाने एकमेकांना सांगतात. मला ती आवडते ती यासाठी की हा माणूस कान कशावर ठेवून होता ते त्यात दिसतं: जागेवर. ज्या खोलीत वाजलं ती खोली रेकॉर्डमध्ये आली पाहिजे. मग चार खोल्यांचा अल्बम चार तोंडांनी बोलणारच.

कोठारातल्या 'वर्ड्स'मध्ये साधी चार मात्रांची चाल मध्येच सुटते आणि वाद्यांचा भाग अकरावर जातो. आपल्याकडे रुद्र ताल अकरा मात्रांचा. ज्यांनी तो हातावर मोजला आहे त्यांना समेवर येताना जी ओढ जाणवते, तीच इथे गिटारच्या मागे लागते. क्रेझी हॉर्सच्या दारातून आलेले श्रोते याच गाण्याशी येऊन थांबतात आणि म्हणतात, हा आमचा यंग. 'हार्ट ऑफ गोल्ड'वाले नेमकं इथेच सुई उचलतात.

बाई

सगळ्यांत कडू भांडण 'अ मॅन नीड्स अ मेड'वरून झालं. पुरुषाला मोलकरीण हवी, असं त्या नावाचं सरळ भाषांतर. १९७२ साली स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात असताना एवढ्या मोठ्या अल्बमात हे गाणं आलं, आणि अनेक स्त्रियांना त्याचा राग आला. अजूनही येतो. मराठीत तर ही अडचण आणखी उघडी पडते, कारण आपल्याकडे 'बाई' या एकाच शब्दात दोन्ही बसतात. घरात बाई नाही, आणि कामाला बाई लावली. भाषेनेच जे एक करून ठेवलंय ते या गाण्यातला माणूस मुद्दाम वेगळं करू पाहतो: प्रेमाची बाई नको, ती दुखावते, कामाची बाई बरी, ती काम करून निघून जाते.

त्याच गाण्यात तो सिनेमा पाहताना अभिनेत्रीच्या प्रेमात पडल्याचं सांगतो. ती अभिनेत्री कॅरी स्नॉडग्रेस आणि चित्रपट १९७०चा 'डायरी ऑफ अ मॅड हाउसवाइफ', नवऱ्याच्या हुकमांखाली घुसमटलेल्या गृहिणीचा. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. पुढे दोघं एकत्र राहिले, त्यांना मुलगा झाला. घरकामात घुसमटलेली स्त्री पडद्यावर पाहून जो प्रेमात पडला, तो गाण्यात घरकामाला कोणी मिळेल का म्हणतो. मला हे गाणं स्त्रीला खाली लेखणारं वाटत नाही. घाबरलेल्या माणसाचं वाटतं. पण रागावलेल्या श्रोत्यांनाही मी चूक म्हणणार नाही, कारण अल्बममध्ये त्या भीतीवर लंडनचा अख्खा वाद्यवृंद चढवला आहे. घाबरलेला माणूस पितळी वाद्यांच्या गजरात गात असेल तर तो घाबरलेला वाटत नाही, हक्क सांगणारा वाटतो.

याचा पुरावा ३५ वर्षांनी मिळाला. टोरोंटोच्या मॅसी हॉलमधला १९ जानेवारी १९७१चा कार्यक्रम २००७ साली प्रसिद्ध झाला. तिथे हेच गाणं तो एकटा पियानोवर म्हणतो, आणि त्यातूनच 'हार्ट ऑफ गोल्ड'मध्ये शिरतो. दोन्ही एकाच गाण्याचे तुकडे. श्रोत्यांना तेव्हा 'हार्ट ऑफ गोल्ड' माहीतही नव्हतं. आवाज पातळ, पियानो अडखळता, सभागृह गप्प. इथे त्या माणसाची भीती कळते. शिवाय अल्बममध्ये एक सुंदर, गोड, रेडिओवर गुणगुणायचं गाणं झालेलं 'हार्ट ऑफ गोल्ड' इथे त्या भीतीचं उत्तर म्हणून येतं.

निर्माता डेव्हिड ब्रिग्जचा तेव्हा आग्रह होता की मॅसी हॉलचीच रेकॉर्ड काढावी. यंगला नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणाची ओढ लागली होती, त्याने ऐकलं नाही. २००७च्या प्रकाशनात त्याने स्वतःच लिहिलं की आता ऐकताना डेव्हिड तसं का म्हणत होता ते समजतं. 'हार्वेस्ट'च्या टीकाकारांना याहून मोठा साक्षीदार मिळणार नाही. दुसऱ्या वाद्यवृंदी गाण्याची, 'देअर्स अ वर्ल्ड'ची, बाजू घेणारे फार थोडे भेटतात. मलाही ती घेता येत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या श्रोत्यांशी झालेलं भांडण जास्त प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात. 'अ‍ॅलाबामा' हे वंशद्वेषावर बोट ठेवणारं गाणं. त्याला आणि आधीच्या 'सदर्न मॅन'ला लिनर्ड स्किनर्ड या दक्षिणेतल्या रॉक बँडने १९७४ साली 'स्वीट होम अ‍ॅलाबामा'ने नाव घेऊन उत्तर दिलं. यंगने आपल्या आत्मचरित्रात कबूल केलं की तो टोला आपण ओढवून घेतला होता. 'अ‍ॅलाबामा'चे शब्द दोषारोप करणारे, वरून बघणारे होते. आणि स्किनर्डचा गायक रॉनी व्हॅन झँट त्यांच्या १९७७च्या अल्बमच्या मुखपृष्ठावर 'टुनाइट्स द नाइट'चा टीशर्ट घालून उभा आहे. श्रोता म्हणून तोही पहिल्या दाराचाच.

टाळ्या

मला या अल्बममधली जी जागा सगळ्यांत जवळची, ती दोन-तीन सेकंदांची आहे. 'द नीडल अँड द डॅमेज डन' हे गाणं क्रेझी हॉर्सचा गिटारवादक डॅनी व्हिटन आणि हेरॉइनमध्ये बुडालेल्या इतर वादकांसाठी आहे. जेमतेम दोन मिनिटं. एक गिटार, वरून खाली उतरत जाणारी. गाणं संपतं, रॉइस हॉलमधले लोक टाळ्या वाजवायला लागतात, आणि त्या टाळ्या पूर्ण व्हायच्या आत 'वर्ड्स' त्यांना कापून सुरू होतं. ना टाळ्या हळूहळू विरतात, ना मध्ये शांतता मिळते.

पूर्वी मला हा तांत्रिक ढिसाळपणा वाटायचा. आता त्या जागेची मी वाट पाहते. कारण त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना पुढचं माहीत नव्हतं. अल्बम फेब्रुवारी १९७२मध्ये आला. त्याच वर्षी पुढे यंगने नव्या दौऱ्याच्या तालमीसाठी व्हिटनला रँचवर बोलावलं. त्याला गाणी धरता येईनात. यंगने त्याला ५० डॉलर आणि लॉस एंजेलिसचं तिकीट देऊन परत पाठवलं. १८ नोव्हेंबरच्या त्या रात्रीच व्हिटन गेला. दारू आणि गोळ्या.

१९७३च्या सुरुवातीला दौरा निघाला तो या ओझ्यासह. मोठमोठी स्टेडियमं, 'हार्वेस्ट'च्या तिकिटावर आलेले हजारो लोक, आणि मंचावर 'हार्वेस्ट'चेच वादक. पण लोकांना ऐकायला मिळाली कर्कश, अनोळखी, नवी गाणी. त्यातूनच 'टाइम फेड्स अवे' हा अल्बम झाला, आणि यंगने तो पुढे कित्येक वर्षं सीडीवर येऊ दिला नाही. तिसऱ्या दाराने आलेल्यांना वाटलं, आपल्याला फसवलं. पहिल्या दाराच्यांना वाटलं, आपला माणूस परत आला. १९७७च्या 'डेकेड' या संग्रहात यंगने लिहिलं की 'हार्ट ऑफ गोल्ड'ने त्याला रस्त्याच्या मधोमध आणून सोडलं, तिथे कंटाळा आला म्हणून तो कडेच्या चरात उतरला. हे वाक्य पहिल्या गटाने जणू निकालपत्र म्हणून उचललं. 'हार्वेस्ट' आवडतो असं म्हणणं काही वर्तुळांत भोळेपणाचं लक्षण ठरलं ते तेव्हापासून, आणि मीही त्या वर्तुळात होते.

मग वारं हळूहळू फिरलं. ज्या 'रोलिंग स्टोन'ने तो झोडपला, त्याच नियतकालिकाच्या २००३च्या पाचशे अल्बमच्या यादीत तो ७८वा आला, 'आफ्टर द गोल्ड रश'च्या सात पायऱ्या खाली. २०२०च्या यादीत 'हार्वेस्ट' ७२वा आणि 'गोल्ड रश' ९०वा. कॅनडात २००७ साली बॉब मर्सेरोने संगीत क्षेत्रातल्या लोकांची मतं घेऊन त्या देशाचे शंभर अल्बम निवडले, तिथे हा पहिला. यादीला मी फार भाव देत नाही. पण ही अदलाबदल बोलकी आहे. मत देणाऱ्यांत आता असे अनेक आहेत ज्यांना १९७२चा खपही आठवत नाही आणि त्या खपाचा रागही नाही. त्यांच्यासाठी सगळे यंग एकाच वेळी उपलब्ध आहेत, चर आणि रस्ता शेजारी-शेजारी. ते कोणत्याच दारात अडलेले नाहीत.

'ओल्ड मॅन'चं मात्र वेगळं आहे. ते दार श्रोत्याच्या वयाचं. १९७० साली यंगने ती रँच विकत घेतली तेव्हा तिथे राखणीला लुई अविला आणि त्याची बायको होती. अविलाने त्याला जुन्या जीपमधून रँच दाखवली आणि विचारलं, तुझ्यासारख्या पोराकडे एवढी जागा घ्यायला पैसे आले कुठून? नशीब, लुई, नुसतं नशीब, असं उत्तर देऊन यंगने पुढे हे गाणं लिहिलं: म्हातारबा, माझ्याकडे बघा, मीही तुमच्यासारखाच आहे.

ऑगस्ट २००५मध्ये नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात चित्रपट दिग्दर्शक जोनथन डेमीने यंगच्या कार्यक्रमाचं चित्रण केलं. त्याच वर्षी यंगच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीवर उपचार झाले होते, जूनमध्ये वडील गेले होते. बट्री आदल्या वर्षी गेला होता. यंग साठीला टेकलेला. तो अविलाची गोष्ट सांगतो आणि 'ओल्ड मॅन' सुरू करतो. मागे बेन कीथ तीच स्टील घेऊन बसलेला.

हे मी बाबांना दाखवलं. शब्द त्यांना पुरते कळत नव्हते, म्हणून मी अर्थ सांगत होते. निम्म्यावर त्यांनी हाताने मला थांबवलं. "राहू दे," म्हणाले. "कोण कोणाला म्हणतोय ते कळतंय."